काळ्या पोत्यांखाली

मित्रांनो, आधी मला एक मोठा श्वास सोडू द्या. हुश्श! मी जुना आहे, लाकडाचा आहे, माझ्या दोन फळ्या करपल्या आहेत, आणि तरीही मी जळालेलो नाही. एवढे सांगितले म्हणजे माझी अर्धी गोष्ट सांगून झाली. उरलेली अर्धी सावकाश सांगतो, कारण आता घाई कसलीच नाही.

कारखान्यात मला पॅलेट म्हणतात. तुम्ही पोत्यांचा पाट म्हटलेत तरी मला राग नाही. वर सात फळ्या, खाली तीन जाड दांडे आणि मध्ये पोकळी. त्या पोकळीत हातगाडीचे दोन लोखंडी हात शिरतात आणि पोत्यांसकट मला उचलून नेतात. माझे काम विचाराल तर फार सोपे आहे. पडून राहायचे. पण ओझे घेऊन, न कुरकुरता, न वाकता पडून राहणे हेही एक कसब आहे. माणसांपैकी फार थोड्यांना ते जमते.

आमच्या कारखान्यात रंगीत फरश्या बनतात. सिमेंटमध्ये रंगाची पूड मिसळतात, ती साच्यात ओततात आणि फरशी लवकर घट्ट व्हावी म्हणून तिला वाफेच्या खोलीत ठेवतात. ही रंगाची पूड म्हणजे दुसरे तिसरे काही नसून लोखंडाचा गंज. हसू नका. घरच्या खिळ्याला गंज चढला की तुम्ही नाक मुरडता. इथे तोच गंज मुद्दाम तयार करून, मैद्याहून बारीक करून, कागदी पोत्यांत भरून येतो. त्यात तीन बहिणी असतात. थोरली लाल, ती स्वभावाने शांत. मधली पिवळी, नाजूक प्रकृतीची. आणि धाकटी काळी. ती मुकाट. तिच्या मनात काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही. माझ्या गोष्टीत सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. पण बिचारीचा दोष त्यात काडीचाही नव्हता.

माझा जन्म ओलीमुळे झाला. पूर्वी पोती थेट जमिनीवर ठेवत. शेजारच्या मिश्रणाच्या खोलीत यंत्रे धूत, आणि एकदा ते धुण्याचे पाणी दाराखालून गोदामात शिरले. कोणाच्या लक्षात आले नाही. आठ दिवसांनी पाहतात तो पिवळीची खालची सगळी पोती दगड झालेली. त्या गोदामाचे राखणदार होते अण्णा. तोवरच्या सगळ्या नोकरीत त्यांना कोणी अरे म्हटले नव्हते. त्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर त्यांना बोलणी खावी लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुतारमामांना बोलावले. एका मोठ्या यंत्राचे रिकामे खोके पडले होते, त्याच्या फळ्या सुटल्या आणि संध्याकाळपर्यंत आम्ही अकरा भावंडे ठोकून तयार झालो.

त्यानंतर अण्णांनी ओलीचा जो धसका घेतला, त्याला तोड नाही. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. अण्णा तर नुसते पाणी दिसले तरी फुंकर घालत. पोत्याचा कोपरा चिमटीत धरून पाहणे, छताकडे टक लावून बसणे, कोणी पाण्याची बाटली घेऊन आत आला की त्याला दारातच अडवणे, असा त्यांचा दिनक्रम होता. लोक त्यांना मागे कोरडेअण्णा म्हणू लागले. पुढे समोरही म्हणू लागले.

पण मित्रांनो, माणूस पक्का शिस्तीचा. भिंत आणि पोती यांच्यात हातभर जागा. आधी आलेला माल पुढे, नंतरचा मागे, म्हणजे जुने आधी संपते. नावाची चिठ्ठी बाहेरच्या बाजूला. उघडलेल्या पोत्याचे तोंड दुमडून बांधलेले. अशा माणसाच्या हाताखाली काम करताना लाकडालाही बरे वाटते.

माझ्या हातून पहिली चूक झाली ती माझ्या उमेदीच्या काळात. चौथ्या फळीतला एक खिळा हळूहळू वर आला आणि लालच्या एका पोत्याला त्याने चीर पाडली. हातगाडी चालवणाऱ्याला सगळे ब्रेकदादा म्हणत, कारण त्याच्या गाडीत ती एकच गोष्ट नव्हती. त्याने मला उचलून वेगात वळवले आणि पोत्यातून लाल पूड भसाभसा सांडली. त्याने काय करावे? झाडू घेतला आणि मारला सपाटा. क्षणात गोदाम लाल झाले. माणसे खोकू लागली, कोणाला कोण दिसेना. मग स्वारीने वर कडी केली. यंत्रे साफ करायची हवेची नळी घेऊन स्वतःच्या पँटवर फवारली. उरलेसुरले सगळे हवेत गेले आणि ब्रेकदादा डोळे तेवढे पांढरे घेऊन उभा राहिला.

"अहो दादा, ती नळी बंद करा आधी! आणि झाडू ठेवा खाली!"

दारातून हा आवाज आला तो ताईचा. ती अण्णांची थोरली सून, नुकतीच वजनाच्या काट्यावर कामाला लागली होती. सिमेंटच्या प्रत्येक घाण्यासाठी किती पूड घ्यायची ते मोजून देणे हे तिचे काम. तिने धूळ खाली बसू दिली, तोंडाला मास्क बांधला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि ओल्या फडक्याने ती पूड हळूहळू टिपून काढली.

"विषबिष नाही हो ही," ती ब्रेकदादाला म्हणाली. "पण धूळ ती धूळ. ती छातीत कशाला भरून घ्यायची? आणि फरशीवर राहिली तर पाय घसरून पडाल, ते वेगळंच."

अण्णा ओल्या फडक्याकडे संशयाने पाहत होते. मग त्यांनी हातोडी आणली आणि माझा खिळा स्वतः ठोकून बसवला. वर हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चांगला आहे हा. एका खिळ्यापायी टाकून द्यायचा नाही." मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

ताईची एक सवय होती. तिची मुलगी लहानपणी सारखी तापाने फणफणायची, त्यामुळे समोर काहीही आले की आधी हाताची उलटी बाजू टेकवून पाहायची. पोते काट्यावर घेण्याआधीही ती तसेच करी. ब्रेकदादा चिडवायचा, "ताई, पोत्याला औषध किती चमचे?" ती हसून म्हणायची, "तुम्हाला आधी देते." कामावरून निघताना ती एप्रन तिथेच काढी, हात कोपरापर्यंत धुई आणि चपला बदली. लेकीच्या अंथरुणापर्यंत लाल पाऊल जायला नको, एवढेच तिचे म्हणणे असे.

वर्षे गेली. मग निळे प्लास्टिकचे पॅलेट आले. गुळगुळीत, हलके, खिळ्याचे नाव नाही. आम्हा लाकडी भावंडांपैकी काही मोडली, काहींच्या पेट्या झाल्या. मला मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभे केले. मी तिथे किती महिने उभा होतो कोण जाणे. पाठीवर वजन नसले की पोकळ वाटते. माझ्या दांड्यांत कोळ्यांनी संसार थाटले. येणारा-जाणारा माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालू लागला. ज्याने पंचवीस पंचवीस किलोंची चाळीस पोती पेलली, त्याच्यावर हातमोजे! पण काय करणार? आलिया भोगासी असावे सादर म्हणून गप्प राहिलो.

आणि मग ते दमट दिवस आले. महिनाभर हवा अशी ओली, की भिंतीवरून बोट फिरवले तर बोट ओले व्हावे. नेमका तेव्हाच काळीचा नवा माल आला. अण्णांचा जीव टांगणीला लागला. गोदामाच्या मधोमध, डाव्या भिंतीवरून वाफेच्या खोलीकडे जाणारी एक जुनी नळी होती. तिच्यावरचे आवरण कधीच गळून पडले होते. ती भिंत बारा महिने गरम आणि कोरडी ठणठणीत असायची. अण्णांचे डोळे चमकले.

"इथं लावा काळी," ते ब्रेकदादाला म्हणाले. "इथं यायची ओलीची छाती होणार नाही."

"निळा पॅलेट लावू?"

"नको रे, नळीजवळ प्लास्टिक वितळेल. तो जुना लाकडी आण."

मित्रांनो, नीट ऐकलेत ना? प्लास्टिक वितळेल हे अण्णांना सुचले. पुडीचे काय होईल, हे मात्र सुचले नाही. वीस वर्षे ज्याने ओलीशी वैर केले, त्याला उष्णता ही मैत्रीणच वाटणार. हातभर जागेचा स्वतःचा नियमही त्यांनी त्या दिवशी मोडला. ऊब लागावी म्हणून पोती नळीला अगदी चिकटवून, गच्च लावली. मला तर आकाश ठेंगणे झाले होते. पुन्हा पाठीवर चाळीस पोती! धोक्याचा विचार मीही केला नाही.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मला मधल्या फळ्यांवर ऊब जाणवली. नळीची ऊब बाजूने येत होती, ती मला ओळखीची होती. ही नवी ऊब वरून, ढिगाच्या पोटातून येत होती. काळी पूड एका मर्यादेपलीकडे तापली की हवेतला प्राणवायू घेऊ लागते, आणि तो घेताना आणखी तापते. सुटे पोते असेल तर ती उष्णता निघून जाते. गच्च ढिगात ती जाणार कुठे? माझ्या शेजारी रिकाम्या कागदी पोत्यांचा गठ्ठा होता. मी स्वतः वाळलेले लाकूड. गोदामाला दार एकच. आणि अण्णांचे टेबल आतल्या टोकाला, म्हणजे त्यांच्या आणि दाराच्या मध्ये आम्ही. आग लागली असती तर सगळ्यात आधी अण्णाच अडकले असते.

त्या दिवशी दुपारी ताई पोते घ्यायला आली. सवयीने हात उलटा टेकवला आणि थबकली.

"अण्णा, हिला ताप आलाय."

सगळे खो खो हसले. अण्णाही हसले, पण त्यांना ते फारसे आवडले नाही.

"ऊब आहे ती. ऊब म्हणजे कोरडं. तू काटा सांभाळ, पोती मी सांभाळतो."

ताईचा चेहरा उतरला. घरी सासरे, इथेही मोठे, आणि ही नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळालेली. चार लोकांत त्यांना खोटे कसे पाडायचे? ती पोते न घेताच गेली. पुढचे दोन दिवस ती पलीकडच्या ढिगातून पोती नेत होती. येता-जाता आमच्याकडे पाही, तोंड उघडी आणि मिटी. मी खालून मनात म्हणत होतो, बोल ग बाई, बोल! माझ्या दोन फळ्या तोवर काळवंडू लागल्या होत्या.

मग तो दिवस उजाडला. सकाळची कामे सुरू झाली होती. ताई आत आली आणि दोन पावलांवर थांबली. करपलेल्या कागदाचा वास येत होता. अगदी पुसट. तिने मास्क खाली करून पुन्हा हुंगले. मग ती सरळ अण्णांच्या टेबलाकडे गेली, खाली वाकली आणि टेबलाच्या एका पायाखालची कागदाची घडी ओढून काढली. टेबल डुगडुगले. अण्णांचा चहा बशीत सांडला.

प्रत्येक मालाबरोबर माहितीचा एक कागद येतो. पूड कशी हाताळायची, कुठे ठेवायची, काय करायचे नाही, सगळे त्यात लिहिलेले असते. आमच्याकडे तो कागद टेबलाचा तोल सांभाळत होता.

"ऐका," ताई म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. "कोरड्या आणि थंड जागी ठेवावे. उष्णतेपासून दूर ठेवावे. काळा प्रकार ऐंशी अंशांच्या वर तापल्यास आपोआप तापत जाऊ शकतो. अण्णा, कोरड्या आणि थंड. आपण निम्मंच पाळलं."

"कागद लिहिणाऱ्यानं कधी गोदाम बघितलंय का?" अण्णा उसळले. "मला शिकवतेस तू?"

दारात माणसे जमली. ताई जागची हलली नाही.

"घरी मी तुमचा शब्द खाली पडू देत नाही. पण अण्णा, ही पोती काही घरची नाहीत. माझं खरं मानू नका. तुम्ही स्वतः हात घालून बघा. मधल्या थरात."

अण्णा रागारागाने आले. बाही मागे सारली आणि दोन पोत्यांच्या फटीत हात घातला. दुसऱ्याच क्षणी "आई ग!" म्हणून त्यांनी तो बाहेर काढला. बोटे लाल झाली होती. ते एकदा हाताकडे आणि एकदा सुनेकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिथे निव्वळ भीती उरली.

पण वीस वर्षांचा अनुभव काही वाया गेलेला नव्हता.

"वाफ बंद करा! रिकामी पोती बाहेर न्या! बंबवाल्यांना फोन लावा! हातमोजे, मास्क, चष्मा घातल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही!"

ब्रेकदादा पाण्याची नळी घेऊन धावला. ताईने त्याला अडवले. "जोराचा फवारा नको. कागद फुटेल आणि तापलेली पूड अंगावर येईल. बाहेर काढू आधी."

मग ब्रेकदादाने हातगाडी माझ्या पोकळीत घातली. मला जुनी आठवण झाली. पण मित्रांनो, त्या दिवशी तो माणूस असा चालला, जणू पाळण्यात झोपलेले मूल नेतो आहे. एक धक्का नाही, एक झोका नाही. मोकळ्या आवारात, इमारतीपासून लांब, त्याने मला अलगद टेकवले. मग एकेक पोते न फाडता उचलून, मध्ये हातभर अंतर सोडून सिमेंटच्या जमिनीवर मांडले. मधल्या थरातले एक पोते उचलले तेव्हा त्याचा कागद तपकिरी झाला होता आणि त्यातून बारीक धूर निघत होता. ते सगळ्यांपासून दूर ठेवले. आणि माझ्या करपलेल्या फळ्यांना वारा लागला. हुश्श! तसा वारा मला आयुष्यात कधी लागला नव्हता.

बंब आला. त्यातल्या मुख्य माणसाने यंत्र रोखून प्रत्येक पोत्याची उष्णता मोजली, दर तासाने पुन्हा मोजली आणि आकडे उतरत गेले तशी त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"वेळेत काढलंत," तो म्हणाला. "आणखी एक दिवस गेला असता तर मला पाणी मारायला यावं लागलं असतं. कोणाच्या लक्षात आलं?"

कोणी काही बोलण्याआधी अण्णाच म्हणाले, "माझ्या सुनेच्या."

दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड झाल्यावर ते दूरचे पोते उघडले. कडेला काळी पूड आणि मध्यभागी विटेसारखी लाल. धाकटी बहीण आतल्या आत जळून थोरलीसारखी झाली होती.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी बंब गेल्यावर अण्णा माझ्यावरच येऊन बसले. मी रिकामा होतो. ताईने पाण्याचा पेला आणून दिला.

"घरी काय सांगायचं?" त्यांनी हळूच विचारले.

"आईंना मी फोन केला मघाशी."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, दोघं धड घरी येताय ना? मग झालं. बाकीचं जेवताना बोलू."

"जेवताना म्हणजे माझी काही धडगत नाही," अण्णा म्हणाले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "तू तेव्हाच म्हणाली होतीस ग. मी ऐकलं नाही."

ताई त्यांच्या शेजारी माझ्यावर बसली.

"तुम्ही एकदा ऐकलं नाहीत, आणि मी दुसऱ्यांदा म्हटलंच नाही. दोन दिवस गप्प बसले, अण्णा. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि तरी गप्प. आज जर काही झालं असतं तर..."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, भाजलेली बोटे तेवढी वर धरून. मी पुष्कळ वजने पेलली आहेत, पण त्या दोघांचे वजन मला मुळीच जाणवले नाही.

आता काळी उजव्या भिंतीकडे असते. थंड, कोरडी, नळीपासून दूर, मध्ये हातभर जागा. नळीला नवे आवरण घातले आहे. माहितीचा कागद दारापाशी, डोळ्यांच्या उंचीवर लावला आहे, आणि टेबलाच्या पायाखाली सुतारमामांनी लाकडाची चकती ठोकून दिली. सुतारमामा माझ्या करपलेल्या फळ्या बदलायला निघाले होते. त्यांनी त्या ठोकून, वाकवून पाहिल्या आणि म्हणाले, "वरवर भाजल्यात, आतून खणखणीत आहेत." तेव्हा मी अजून कामावर आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात ज्या वस्तू मुकाट काम करतात, त्यांना नीट ठेवा. त्यांना काय सोसते आणि काय सोसत नाही, ते विचारून, वाचून घ्या. धूळ उडवू नका, पुसून घ्या. आणि काही तापते आहे, काही बिनसते आहे असे हाताला लागले, तर समोर कितीही मोठे माणूस असो, सांगा. एकदा ऐकले नाही तर पुन्हा सांगा. त्या दोन दिवसांत माझ्या पाठीवर आग धुमसत होती आणि मला हाक मारता येत नव्हती. मी लाकूड होतो म्हणून गप्प राहिलो. तुम्ही लाकूड नाही.